तारेच्या फार जवळ

एकदा एक जुनी बास गिटार एका वृद्ध कारागिराच्या दुकानात दुरुस्तीला आली. तिचा मालक लग्नसमारंभांत वाजवणारा वादक होता, आणि हौस दांडगी. मूळचा पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपून त्याचा आवाज करणारे चुंबकाचे साधन, मानेजवळ तसाच ठेवून त्याने खालच्या टोकाला एक नवा, जबरदस्त पिकअप बसवून घेतला होता. प्रत्येकाला आवाजाचे स्वतंत्र बटण होते. तक्रार एवढीच, की दोन्ही बटणे पूर्ण उघडली की जुन्याचा तो खोल, मऊ आवाज ऐकूच येत नसे. नव्याचे बटण थोडे कमी केले की येई. पण वाजवताना हात लागून ते पुन्हा फिरे, आणि भर गाण्यात सारखा बटणाकडे हात न्यायचा तरी किती?

कारागिराचा शिष्य हेरंब याने गिटार नीट पाहण्याआधीच निदान करून टाकले. हेरंब हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नसे.

"जुना कमजोर आहे, गुरुजी. त्याला वर घेतो."

त्याने जुन्या पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांच्या जवळ आणला. आवाज थोडा वाढला. हुरूप येऊन त्याने तो आणखी जवळ आणला, तसा जाड तारेचा सूर डगमगू लागला आणि पुरता उमटण्याआधीच विझला. हेरंबने चिडून आणखी एक फेरा दिला.

गुरुजी मघापासून पाहत होते. त्यांचा दुसरा शिष्य सोपान मागच्याच महिन्यात काम सोडून गेला होता. आपल्यामागे दुकान दोघांनी मिळून सांभाळावे ही त्यांची इच्छा होती, आणि सोपान गेल्यापासून त्यांचे कामात लक्ष नव्हते. ते उठले. त्यांनी जुना पिकअप मूळ जागी नेला आणि मग त्या नव्या, खणखणीत पिकअपलाच तारांपासून दूर, चांगला खाली उतरवला.

"गुरुजी, चांगल्याला कशाला खाली घेताय?" हेरंबला राहवेना. "सगळाच आवाज कमी होईल."

"होऊ दे."

गुरुजींनी दोन्ही बटणे पूर्ण उघडली आणि तार छेडली. आवाज खरोखरच लहान झाला होता. पण त्यात तो खोल सूर आता स्पष्ट होता, आणि बराच वेळ टिकून होता.

"एकूण आवाज अँप्लिफायरवर वाढवता येतो," गुरुजी म्हणाले. "पण चुंबक फार जवळ नेला की तो तारेलाच धरून ठेवतो. मग ती हलणार कशी? जुन्यात काही दोष नव्हता, हेरंब. शेजारचा फार मोठा होता." त्यांनी गिटार खाली ठेवली. "वाद्यातलं हे मला कधीपासून कळतं. माणसातलं कळलं नाही. सोपान बोलत नाही म्हणून मी त्याच्याच मागे लागलो. बोल, मत सांग, घाबरतोस काय. सारखा त्याच्या डोक्यावर उभा. तो आणखीच मिटत गेला. तुला मात्र एकदाही म्हटलं नाही, की जरा थांब. तुझी उत्तरं चटकन यायची, मला ती आवडायची. चूक माझी आहे."

हेरंबला हे फार लागले. दुसऱ्या दिवशी तो सोपानकडे गेला. सोपान आता बसस्थानकासमोर मोबाइलची कव्हरे विकायच्या दुकानात बसत असे. त्याने हेरंबला स्टूल दिले, चहा मागवला. हेरंबने वाटेत पुष्कळ जुळवून आणले होते. पण पहिले वाक्य ओठांवर आले आणि त्याने ते गिळले. दोघे नुसतेच बसून राहिले, आणि हेरंबला ते भारी जड गेले.

चहा संपल्यावर सोपान बोलू लागला, सावकाश.

"काम मला आवडायचं रे. गुरुजींनी काही विचारलं की शब्द जुळवायला मला वेळ लागायचा. ते जुळेपर्यंत तुझं सांगून झालेलं असायचं. मग मी म्हणायचो, हेरंब म्हणतो ते बरोबर आहे."

"आणि ते बरोबर नसायचं?"

"बहुतेक वेळा असायचं. म्हणून तर जास्त लागायचं."

मग तो कितीतरी वेळ बोलत राहिला. दुकानाविषयी, गुरुजींविषयी, त्याला करून पाहायच्या राहून गेलेल्या गोष्टींविषयी. हेरंबने त्याला मध्येच तोडले नाही. शेवटी त्याने एवढेच विचारले, "परत येशील?"

"नाही. आता नको," सोपान म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. "इथं मला कुणी घाई करत नाही."

यावर हेरंबजवळ उत्तरे होती, आणि त्यांतली काही चांगलीही होती. त्याने एकही दिले नाही.

तो परतला तेव्हा गुरुजी दारातच उभे होते.

"काय म्हणाला?"

हेरंबला बोलायला वेळ लागला. गुरुजींनी घाई केली नाही.

"येणार नाही म्हणाला," तो म्हणाला. "पण पुष्कळ बोलला, गुरुजी. आपल्याकडे इतकी वर्षं होता, इतकं कधीच बोलला नव्हता."

गुरुजींनी मान हलवली आणि ते आत जाऊन सोपानच्या रिकाम्या बाकावर बसले.