अध्यक्षांचा लोहचुंबक

कोल्हापुरात दरवर्षी जुन्या मोटारींची मिरवणूक निघायची. तिच्यात कोणती मोटार अस्सल, हे मिरवणूक मंडळाचे अध्यक्ष बाजीराव सरलष्कर यांचा लोहचुंबक ठरवायचा. चिकटला तर गाडी आत, नाही तर बाहेर. अध्यक्षांना स्वतःला डोकं चालवायची गरजच पडत नसे.

यंदा नलूताई बेंद्रे वडिलांची, म्हणजे अण्णांची, मोटार घेऊन आल्या. तिचं लोखंडी बॉनेट गंजून चाळण झालं होतं. थकलेल्या अण्णांना एका हाताने उचलता यावं, म्हणून नलूताईंनी हलकं फायबरचं निवडलं आणि दोन्हीकडच्या फटी सारख्या येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढून बसवून घेतलं. मिरवणुकीत एकदा तरी आपल्या हाताने गाडी चालवायची, एवढीच अण्णांची इच्छा होती. ते स्टिअरिंग धरून तयारच बसले होते.

अध्यक्षांनी बॉनेटला चुंबक लावला. तो घसरून खाली पडला.

"नकली! बाई, गाडी बाजूला घ्या."

"चुंबक म्हणेल तेच खरं ना, साहेब?"

"अर्थात! तो काय माणसाचं तोंड बघून बोलतो?"

नलूताईंनी चुंबक उचलला आणि अदबीने अध्यक्षांच्या गळ्यातल्या पदकाजवळ नेला. मंडळाने अध्यक्षांना, म्हणजे अध्यक्षांनीच स्वतःला, दिलेलं ते शुद्ध सोन्याचं पदक टुणकन उडून चुंबकाला चिकटलं.

"अभिनंदन, साहेब! तुमचं सोनं अगदी अस्सल लोखंडाचं आहे."

गर्दी खो खो हसू लागली. अध्यक्ष पदक ओढून सोडवत पुटपुटले, "आज चुंबक जरा बिघडलाय. जाऊ द्या यांची गाडी."

पण अण्णा एव्हाना चौकापर्यंत पोचले होते.