साळू लोहारणीची परदेशी मोटार

दोन-तीन पिढ्यांमागे समुद्रकाठच्या एका राज्यात साळू नावाची लोहारीण राहत होती. जहाजाचा नांगर घडवावा तो साळूनेच, असा तिचा लौकिक होता.

एकदा परदेशी जाणाऱ्या जहाजाच्या तांडेलाने तिला सांगितले, की अमेरिकेत जुन्या ऐसपैस मोटारी गोठ्यांमध्ये गंजत पडल्या आहेत आणि त्यांना आता कोणी विचारत नाही. ते साळूच्या मनात घर करून राहिले. तिने तांडेलाला दोन नवे नांगर घडवून दिले आणि बदल्यात एक मोटार मागितली.

दोन वर्षांनी मोटार बंदरात उतरली. होडीएवढी लांब, आकाशी रंगाची, पत्रा जागोजागी गंजाने खाल्लेला. साळूने इंजिनावर हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात बंदराचा अंमलदार आला. राज्याचा कायदा असा, की गाडी हाकणाऱ्याने उजवीकडेच बसावे. या मोटारीचे हाकायचे चाक होते डावीकडे. ते उजवीकडे घे, नाहीतर मोटार मोडीत काढ, असे त्याने बजावले.

साळूने विनवणी केली नाही. ती म्हणाली, "सरकार, डावखुऱ्या लेकराचा डावा हात कोणी तोडतं का? ही आहे तशीच राहील. रस्त्यात बाजू सांभाळायचं काम माझं."

उत्तर अंमलदाराला झोंबले. त्याने राजाकडून हुकूम आणला, की आठ दिवसांनी मोटार फोडावी, आणि ती राज्यातल्या लोहारांनीच फोडावी, म्हणजे साळूला जरब बसेल.

साळूने बंदरावरच भट्टी पेटवली. मोडके भाग स्वतः घडवून तिने आठ दिवसांत मोटार सुरू केली.

ठरल्या दिवशी बारा गावांचे लोहार घण घेऊन जमले. साळू मोटारीला पाठ टेकून उभी राहिली. सर्वांत वृद्ध धोंडजी लोहार पुढे आला. बाईमाणसाने भट्टीपुढे बसावे हेच त्याला कधी रुचले नव्हते. पहिला घाव हाच घालणार, असे साळूला वाटले.

पण धोंडजी वाकला. दारांचे सांधे त्याने बोटांनी चाचपले, चाकांवरचे, धक्के झेलणारे पोलादी पाटे निरखले. मग त्याने घण खाली ठेवला.

"ज्याने हे घडवलं त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "त्याची बोली मला कळायची नाही. पण तो आपल्यातलाच. त्याच्या कामावर माझा घण पडणार नाही."

एकामागून एक सगळे घण वाळूत पडले.

अंमलदाराने कोठडीची भीती घातली. लोहार म्हणाले, चला. साळूही त्यांच्याबरोबर गेली. इकडे घोड्यांना नाल मिळेनात, शेतकऱ्यांचे फाळ बोथट झाले, राजवाड्याचे दार बिजागरीतून निखळले.

विसाव्या दिवशी राजा स्वतः कोठडीत आला. साळूने तेवढे चाक सरकवले, तर सगळ्यांना सोडतो, म्हणाला. साळू घुटमळली. आपल्या हट्टापायी एवढी माणसे अडकली, हे तिला टोचत होते. तिने धोंडजीकडे पाहिले. त्याने मान हलवून नको म्हटले.

"महाराज," साळू म्हणाली, "चाक हलणार नाही. हलवायचाच तर कायदा हलवा."

राजाला वाड्याचे निखळलेले दार आठवले, आणि त्याच दिवशी त्याने कायदा हलवला. साळूने मोटार भर बाजारातून नेली. शेजारी उजवीकडे धोंडजी ताठ बसला होता, आणि बंदराचे फाटक अंमलदाराला स्वतःच्या हाताने उघडावे लागले.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याला घडवण्याचे मोल कळते, त्याचा हात कोणाच्याही हुकमाने मोडायला उठत नाही.