नहेम्या सुताराची भाकर

तुमच्या पणज्या परकरात बागडत होत्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. प्रवरेच्या काठी बाभूळखडी नावाची वस्ती होती आणि तिथे नहेम्या सुतार राहायचा. वस्ती अख्खी ख्रिस्ती झालेली, पण शेतं, बैल आणि बांधावरची भांडणं जुनीच. नहेम्या नांगर करायचा, पाळणे करायचा आणि कुणी मेलं तर त्याची पेटीही करायचा. लाकूड किडकं निघालं तर गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा, गिऱ्हाईक उठून गेलं की बायकोची बोलणी खायचा. त्याच्या पाळण्यात रडकं पोरही गप्प होई, असं म्हणतात.

रविवारी पाळकसाहेब सांगत, हातांनी काम करा आणि कष्टाचं खा, हीच देवाला आवडणारी कमाई. तेव्हा नहेम्याची मान ताठ व्हायची. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायची ओळ आली की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. मागताना त्याला लाज वाटत नसे, कारण तो कष्ट करून खाणारा माणूस होता.

मग एका उन्हाळ्यात पटकी आली. घरटी माणूस जाऊ लागलं. नांगर कोण सांगणार आणि पाळणा कुणाला हवा? राहिल्या त्या पेट्या. नहेम्यानं मजुरी एका पैशानंही वाढवली नाही. कुणी त्याला नाव ठेवलं नाही, आणि त्याच्या घरी रोज चूल पेटत राहिली.

एकदा सलग चार दिवस कुणी गेलं नाही. वस्ती हरखली, नहेम्याही हरखला. पण काम नव्हतं आणि डब्यातलं पीठ संपलं. चौथ्या संध्याकाळी त्याची सहा वर्षांची रूथ भुकेनं रडायला लागली, तेव्हा त्यानं ती ओळ जीव तोडून म्हटली. सकाळी शेजारचा शमुवेल दारात उभा. त्याचं धाकटं लेकरू गेलं होतं.

नहेम्यानं माप घेतलं, पेटी केली, मजुरी घेतली. मूठ मिटली आणि त्याला कळलं, काल आपण देवाकडे काय मागितलं ते. तो तसाच पाळकसाहेबांकडे गेला.

“नहेम्या, तू घामाचं खातोस,” पाळकसाहेब म्हणाले. “त्यात पाप कसलं?”

“घामाचंच हाय, साहेब. पर म्या भाकर मागितली आन् शमुवेलाचं लेकरू गेलं. आता कंच्या तोंडानं मागू?”

पाळकसाहेब त्याच लेकराला माती द्यायला निघाले होते. ते तसेच पुढे चालू लागले.

त्या दिवसापासून नहेम्यानं पेटीची मजुरी बंद केली. ती ओळ आली की तो तोंड मिटून घ्यायचा.

बायको सगुणा कळवळून म्हणाली, “अवं, पोरीच्या पोटात दोन दिस कण न्हाई. घ्या की मजुरी. चोरीची हाय का?”

“चोरीची असती तर परत तरी करता आली असती,” तो म्हणाला.

लोकांना पहिल्या वेळी संकोच वाटला. दुसऱ्या वेळी त्यांनी ‘देव तुझं भलं करो’ म्हटलं. तिसऱ्या वेळी पेटी उचलली आणि चालू लागले. त्याला कुणीतरी देतच असेल, असं ज्याला त्याला वाटलं. असं वाटून घेणं फार सोयीचं असतं.

लाकूड संपलं तेव्हा त्यानं घराचं दार काढलं. त्या एका दारातून अकरा पेट्या निघाल्या, असं म्हणतात. बाजेतून नऊ निघाल्या. फळ्या वाढत गेल्या, पीठ मात्र वाढलं नाही. देवानं चमत्कार केला तो लाकडावर केला, आणि का केला हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

रूथ पटकीनं गेली नाही. ती भुकेनं गेली. नहेम्यानं तिचं माप घेतलं, पेटी केली आणि त्याच दुपारी शमुवेलाच्या बायकोची पेटी करायला बसला.

भाद्रपदात साथ ओसरली. लोक सांगायला आले, तर नहेम्या भिंतीला टेकून बसलेला, लाकूड तासायचा वाकस मांडीवर, अंगात जीव नाही. उचलायला चौघं गेले होते, पण एकट्यालाच तो उचलता आला. पेटी करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्याला चटईत गुंडाळून माती दिली. सगुणानं सगळ्यांवरून नजर फिरवली.

“येवढ्या वस्तीत एक भाकर नव्हती का?” ती म्हणाली.



बाभूळखडीत आजही कुणाची माती असली की सुताराच्या घरी चूल पेटत नाही. त्यानं पेटीची मजुरी घ्यायचीच, आणि वर घराघरातून एकेक भाकर त्याच्याकडे जाते. प्रार्थनेत ती ओळ आली की सुतार गप्प बसतो आणि बाकीचे सगळे त्याच्या वाटची मोठ्यानं मागतात. बाहेरगावचा पाहुणा ती भाकरींची चवड बघून म्हणतो, किती माया आहे हो तुमच्या गावात! तेव्हा म्हातारी माणसं खाली बघतात.