डफ डुम म्हणेना

एक होती मुंगी. तिची रांग चुकली होती. मुंगी एकटी पडली.

खुंटीला एक डफ होता. मुंगी त्याच्या काठावर राहायची. गेनूबाबा डफ वाजवायचे. डफ म्हणायचा, "डुम." मुंगीला वाटायचं, आपल्याशीच बोलतोय. डफ दुसरं फारसं काही बोलायचा नाही. मुंगीला तेवढं पुरायचं.

एक दिवस धुकं पडलं. डफ म्हणाला, "भद्द."

"डफा, डफा, डुम म्हण ना."

"माझं चामडं गारठलं. सैल पडलं. चुलीनं शेकलं तर बोलीन."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"चुली, चुली, पेट ना. डफ बोलेना."

"गोवरी आली तर पेटीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गोवरी, गोवरी, ये ना. चूल पेटेना, डफ बोलेना."

"माझ्यावर म्हैस बसलीय. म्हैस उठली तर येईन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"म्हशी, म्हशी, ऊठ ना. गोवरी येईना, चूल पेटेना, डफ बोलेना."

"पाठ खाजतेय गं. कावळ्यानं खाजवली तर उठीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"कावळ्या, कावळ्या, खाजव ना. म्हैस उठेना, गोवरी येईना, चूल पेटेना, डफ बोलेना."

"उपाशीपोटी काम नाही. गेनूबाबांनी भाकरी दिली तर खाजवीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गेनूबाबा, गेनूबाबा, भाकरी द्या ना. कावळा खाजवेना, म्हैस उठेना, गोवरी येईना, चूल पेटेना, डफ बोलेना."

गेनूबाबा पिठाकडं बघत बसले होते. "अगं बाय, चूल पेटली तर भाजीन."

मुंगी थांबली. आता विचारायला कुणीच उरलं नाही.

मुंगीनं ठरवलं, उंच जागी बसून रडायचं. सगळ्यात उंच म्हशीचं शिंग. मुंगी शेपटीवरून चढली. पाठीवरून चालली. सहा पायांनी. तुरुतुरु तुरुतुरु.

"अहाहा," म्हैस म्हणाली. "जरा डावीकडं."

मुंगी डावीकडं गेली. खाज गेली. म्हैस उठली.

गोवरी चालत आली. जरा चपटी झाली होती. चूल पेटली. गेनूबाबांनी भाकरी भाजली. कावळ्यानं काहीच केलं नव्हतं. तरी तुकडा खाल्ला. मग गेनूबाबांनी डफ शेकला. चामडं ताणलं. मुंगीनं काठ निवू दिला. मग चढली.

गेनूबाबांनी थाप मारली.

"डुम."

"मी आले," मुंगी म्हणाली.

"डुम."

"फार चालले रे."

"डुम."

"तू पण एकटाच होतास ना?"

"डुम डुम डुम."

भाकरी टम्म, डफ डुम्म, आता गोष्ट गुम्म.