स्लॅबवरची टिटवी

“मग आज निघायचं ना, आबा?”

सिदाप्पाने तिसऱ्यांदा विचारलं. तो पळत आला होता. दम छातीत मावत नव्हता.

म्हाकूआबा एका कोकराच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दिवस तू काढायचास. मला कशाला इचारतोस?”

खरंच होतं ते. चाळीस वर्षं कोकणातून घाट चढायचा दिवस आबांनी काढला. यंदा त्यांनी साऱ्या तळासमोर सांगितलं होतं, दिवस सिदाप्पा काढील. धनगराला याहून मोठा मान नाही, आणि याहून मोठा घोरही नाही. लवकर चढावं, तर वर देशावर गवताची काडी नसते. उशीर करावा, तर कोकणचा पाऊस गाठतो आणि मेंढरांची खुरं कुजतात. घरं सहा होती. मेंढरं सहाशे.

सिदाप्पा बारा वर्षं आबांच्या मागं हिंडला होता. मुंग्या, वारा, कावळ्याचं घरटं, टिटवीची अंडी... सगळ्या खुणा त्याला तोंडपाठ. आणि तोंडपाठ आहेत, हे तो कुणाला विसरू देत नसे.

“निघायचंच!” तो म्हणाला. “टिटवीनं अंडी उंचावर घातली. उंच अंडी, लवकर पाऊस. तुमचेच बोल हायेत.”

“किती उंच?”

“पंपाच्या खोलीच्या स्लॅबवर! आजवर बांधाच्या वर कधी चढली न्हाय. यंदा काय खरं न्हाय, आबा.”

तळावर बातमी फुटली. मेंढरं कोंडायच्या जाळ्या, वाघरी, गुंडाळल्या गेल्या, भांडी वाजली, घोड्यांवर बिऱ्हाडं चढू लागली.

आबांनी काटा काढला. कोकरू सोडलं. मग विचारलं, “टिटवीला इचारलंस का?”

“काय?”

“वर का गेलीस म्हणून.”

घोडी लादणाऱ्या बाया फिसकन हसल्या. सिदाप्पाचा चेहरा उतरला.

आबा उठले आणि नदीकडे चालू लागले. सिदाप्पा मागून गेला.

गेल्या साली नदीच्या पात्रात पांढरी वाळू पसरलेली होती. टिटव्या तिथे, फार तर काठच्या बांधावर अंडी घालत. आता वाळू नव्हती. खड्डे होते, खड्ड्यांत हिरवं पाणी होतं आणि काठावर वाळू उपसणारं एक पिवळं यंत्र मान खाली घालून उभं होतं.

आबा काठावर थांबले.

सिदाप्पाने खड्डे पाहिले. यंत्र पाहिलं. मग लांबवर पंपाची खोली पाहिली.

“वाळूच न्हाय,” तो हळू म्हणाला.

“हं.”

“म्हंजे ती पावसाला भिऊन वर गेली न्हाय.”

“हं.”

“आन् मी घोडी लादायला लावली.”

“लावलीस. आता उतरव.”

सहा घरांची बिऱ्हाडं पुन्हा खाली उतरली. सगुणाकाकी तळावरची सगळ्यांत थोरली बाई. तिची जीभ कातरीसारखी.

“घोडी लादा, घोडी सोडा!” ती म्हणाली. “सिदा, बाबा, एकदाच ठरव. घोडीबी हसायला लागली.”

दुपारी सिदाप्पा आबांसमोर येऊन बसला. आबा घोंगडीवर होते, तो खाली मातीत. त्याने खिशातून मोबाईल काढला.

“बारा वर्षं वाया गेली, आबा. नदी ऱ्हायली न्हाय, टिटवी खुळी झाली. आता ह्यो सांगंल तेच खरं.”

“काय सांगतो?”

“उद्या पाऊस. वीस टक्के.”

“म्हंजे शंभरातली वीस मेंढरं भिजणार?”

“तसं न्हवं. पडंल किंवा न पडंल. पर बहुतेक न्हाय.”

“आरं, मग ह्यो माझा आजाच की! त्योबी ‘बहुतेक’च म्हणायचा.”

“हसू नका. माणसाची अक्कल चालली, आबा. खुणा गेल्या की अक्कलबी जाती.”

आबांनी तंबाखू मळली.

“माझ्या बापानं पहिली काडीपेटी आणली, तवा आजा त्याच्यासंगं चार दिस बोलला न्हाय. म्हणायचा, चकमक गेली, आता माणसाची बोटं मरणार.”

“मग?”

“पाचव्या दिशी काडी मागितली. चिलीम पेटंना.”

नको नको म्हणताना सिदाप्पाला हसू आलं.

आबांनी तंबाखू दाढेत धरली. “सकाळी स्लॅबवर काय बघितलंस?”

“अंडी. चार. टोकं खाली...”

“ते मी शिकवलेलं. तू काय बघितलंस?”

सिदाप्पाने डोळे मिटले...

“ती वली होती,” तो म्हणाला.

“कोण?”

“टिटवी. नळाखालच्या डबक्यात बसायची, पोट भिजवायची, उडून वर यायची आन् तसंच वलं पोट अंड्यांवर टेकायची. स्लॅब तव्यावानी तापलेला. घटकाभर बसली की पुन्हा खाली. मी तिथं असताना चार खेपा केल्या असतील.” तो थांबला.

“थांबलास का?”

“आबा... ऊन जास्त, तर खेपा जास्त. मग ऊन हटलं, आभाळ खाली आलं, तर खेपा बंद...”

आबा घोंगडीवरून उठले. खाली मातीत, सिदाप्पाच्या शेजारी बसले. रिकामी घोंगडी त्यांनी हाताने झटकली आणि त्याच्यापुढे सरकवली.

“बस तितं. आन् पुन्हा सांग. मला हे ठाऊक न्हवतं.”

बारा वर्षांत आबांच्या तोंडून हे शब्द सिदाप्पाने पहिल्यांदा ऐकले. तो घोंगडीच्या एका कोपऱ्यावर अवघडून बसला. पुन्हा सांगताना त्याचा आवाज बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो पंपाच्या खोलीसमोर करंजाखाली बसू लागला. टिटवी खाली, टिटवी वर. ऊन रणरणत होतं. तळावर लोक कुरकुरत होते. चारा संपत आला होता.

सगुणाकाकी रोज जाता-येता विचारी, “काय रं सिदा, जमलं का? टिटवीच्या घरचे तयार हायेत?”

सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी सकाळी टिटवी अंड्यांवर बसली, ती उठलीच नाही. सिदाप्पा दुपारपर्यंत वाट बघत राहिला. तिचं पोट कोरडं होतं. आभाळ झाकोळलं होतं, वारा पडला होता. त्याच्या स्वतःच्या मानेवर मात्र घाम चिकटून बसला होता, पुसला तरी जात नव्हता.

तो तळावर आला.

“मोबाईल काय म्हणतो?” आबांनी विचारलं.

“चाळीस.”

“टिटवी?”

“कोरडी हाय.”

“आन् तू?”

सिदाप्पाने सहाशे मेंढरांकडे पाहिलं. आबा आता काही बोलणार नाहीत, हे त्याला कळलं.

“निघू,” तो म्हणाला. “आत्ता.”

त्या दिवशी अर्धा घाट झाला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शेवटचं मेंढरू माथ्यावर आलं. सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. खाली कोकण दिसत नव्हतं. काळंभोर आभाळ जमिनीला टेकलं होतं आणि पाऊस भिंतीसारखा उभा होता. पुढं देशावर वळवाचा शिडकावा होऊन गेला होता. माळ नुकता हिरवट दिसत होता. मेंढरांनी माना खाली घातल्या त्या वर काढल्याच नाहीत.

सगुणाकाकीने भंडाऱ्याची चिमूट काढली आणि सिदाप्पाचं सगळं कपाळ पिवळं केलं. “टिटवीचा जावई!” ती म्हणाली. सगळा तळ हसला. सिदाप्पाही हसला.

मग त्याने छाती पुढे काढून मोबाईल उघडला.

“आबा, ही खूण मी ह्याच्यात लिहून ठिवतो. माझ्या पोरांना, त्यांच्या पोरांना... पिढ्यान् पिढ्या ऱ्हायली पायजे.”

“लिही की,” आबा म्हणाले. “पर ह्याच्यात पुसायचं कुटनं, ते आदी शिकून घे.”