डबक्यापुढचं रेडकू

"मग मुलं हसली का नाहीत, मास्तर?"

रणधीरनं पुन्हा तेच विचारलं. मास्तर त्याच्या लॅपटॉपकडं बघत बसले होते. सिनेमा संपून गेला होता.

मास्तर म्हणजे आमच्या समोरच्या दारातले बाबुराव मेस्त्री. टीव्हीवर लागायचं ते ढब्बू रेडकू त्यांनीच काढलेलं, एकेक चित्र हातानं. माझी दोन्ही पोरं ढब्बू लागल्याशिवाय घास गिळायची नाहीत. रणधीर चौगुले हा मास्तरांचा शिष्य. पेन्सिलीला टोक कसं करायचं इथपासून सगळं याच खोलीत शिकला, मग मुंबईला जाऊन मोठा झाला. आता त्यानं ढब्बूवर थेटरात लागणारा सिनेमा केला होता.

मी डबा परत द्यायला गेले होते. दिला, आणि बसले. जा असं कुणी म्हणालं नाही.

"सगळं घातलंय मी," रणधीर म्हणाला. "अंगावरचा केस न केस हलतोय. जत्रा आहे, पूर आहे, गाणी आहेत. परवा एका शाळेतली मुलं बोलावून दाखवला. शेवटपर्यंत नुसती गप्प."

"गप्प बसली म्हणजे शहाणी पोरं," मी म्हणाले.

"काकू, तपासणीला साहेब आल्यावर वर्गात बसतात ना, तशी बसली होती."

मास्तर हसले. रणधीर नाही हसला.

"पुढच्या महिन्यात सिनेमा लागतोय. काही बदलायचं तर या आठवड्यातच." त्याचा आवाज उतरला. "माझं जाऊ दे, मास्तर. ढब्बू तुम्ही विश्वासानं माझ्या हवाली केलंत. ते माझ्या हातात आलं आणि मेलं, असं वाटतंय..."

"रंग झकास आहेत," मास्तर म्हणाले.

"मग चुकलं कुठं?"

"आपलं ढब्बू उडीआधी डबक्यापाशी थांबायचं."

रणधीर मान हलवत हसला. थोरामोठ्यांच्या भाबडेपणाला हसतात तसं.

"मास्तर, चित्रं पुरायची नाहीत म्हणून थांबायचं ते! एकच चित्र धरून ठेवायचो आपण. गरिबी होती ती आपली. तसली एकेक जागा शोधून मी भरून काढलीय. आता ढब्बू धावत येतं आणि थेट पाण्यात. अख्ख्या सिनेमात रिकामा असा एक क्षण सापडायचा नाही तुम्हाला."

मास्तरांनी समोरचा चहाचा कप उचलला, ओठांपर्यंत नेला...

आणि थांबले.

रणधीर मुंबईतल्या मशिनांबद्दल सांगत होता. कोणतं मशीन पाणी करतं, कोणतं केस करतं. सांगता सांगता त्याचंही लक्ष कपाकडं गेलं. तो बोलायचा राहिला.

मास्तरांची नजर आमच्याकडं. पापणी हलेना. कप जरासा कलता. चहा काठाला आलेला, आणि खाली पांढरंशुभ्र धोतर.

...

मला काही दम निघेना.

"अहो मास्तर, सांडेल! प्या तरी, नाहीतर ठेवा तरी!"

रणधीर तर खुर्चीतून अर्धा उठला होता, हात पुढं करून. "मास्तर, कप...!"

मास्तरांनी शांतपणे घोट घेतला. कप बशीत ठेवला.

"आत्ता मी काय केलं?"

"काहीच नाही," रणधीर म्हणाला.

"मग तू का उठलास?"

रणधीरचा हात अजून तसाच पुढं होता. तो हाताकडं बघत राहिला...

मला बोलल्याशिवाय राहवतंय कुठं! म्हटलं, "रणधीर, माझी धाकटी डबकं आलं की टीव्हीला नाक लावायची. 'मार उडी, मार उडी' करून घर डोक्यावर घ्यायची. ढब्बूनं उडी मारली की माझ्याकडं वळून म्हणायची, बघ आई, माझं ऐकलं त्यानं."

रणधीरनं लॅपटॉप ओढला आणि खाली फरशीवरच बसला. ढब्बूला डबक्यापर्यंत पळवत आणलं. बटण दाबलं.

रेडकू उभं राहिलं. मोठाले डोळे आमच्याकडं लावून.

ते काही हलेना...

"मार की रे मुडद्या उडी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

रणधीर मोठ्यानं हसला. हसताना त्यानं डोळे पुसले. पहिल्यांदाच त्या दिवशी तो मास्तरांकडं तसा बघत होता, इथं शिकायला यायचा तेव्हा बघायचा तसा. मग एकदम त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पण मास्तर, एवढ्या मोठ्या पडद्यावर ढब्बू असं नुसतं उभं ठेवलं, तर पैसा घालणारे माझ्या अंगावर येतील. म्हणतील, इतका वेळ सिनेमात चाललंय काय? काय सांगू त्यांना?"

मास्तर म्हणाले, "सांग, पोरं कामाला लागलीत."