पहिल्या पाटाचा मान

येळगावात घर म्हटलं की त्र्यंबकशेटचं कर्ज आलंच. त्यामुळे रीतच पडून गेली होती की वास्तुशांतीच्या पंगतीत पहिला पाट शेटजींचा. ज्याच्या पैशानं घर झालं, त्याचा पहिला मान!

पण राऊबा कोष्टी आणि त्याची बायको म्हाळसा यांनी उभा जन्म माग चालवला, पै-पै जमवली आणि कर्जाचा एक रुपयाही न काढता घर विकत घेतलं. गावानं तोंडात बोटं घातली.

वास्तुशांतीला शेटजी आले आणि सवयीनं थेट पहिल्या पाटावर बसले. मिशीला पीळ देत म्हणाले, "सावकाराशिवाय कधी घर होतं होय रे? दुसरा कुणी गाठला असशील तर आण त्याला. मी उठतो!"

राऊबा हात जोडू लागला. म्हाळसा मात्र "आणते की," म्हणत आत गेली आणि एक वाकळ घेऊन आली. ठिगळावर ठिगळ, मूळचं कापड कुठलं तेही कळेना.

"शेटजी, ही आमची सावकार. जन्मभर लोकांची लुगडी विणली, पण थंडीत नवं पांघरूण घ्यायला निघालो की ही म्हणायची, अजून एक ठिगळ लाव, पैसे राहू दे. हे घर हिनंच दिलं. आणि व्याज मागायला कधी दारात उभी राहिली नाही."

शेटजी उठले. म्हाळसानं वाकळेची घडी पाटावर ठेवली आणि पहिलं पान तिच्यापुढे वाढलं.

त्र्यंबकशेट त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या पाटावर जेवले.